चांदीवरच्या ठशांची साक्ष

जुना इंग्रजी चांदीचा चमचा उलटा करून दांड्यामागे भिंग धरा. तांदळाच्या दाण्याएवढे पाच ठसे दिसतात: चालता सिंह, मुकुट घातलेल्या बिबट्याचं डोकं, एक अक्षर, राजाचं मस्तक आणि कारागिराची आद्याक्षरं. यातला एकही ठसा एकट्याने पुरेसं बोलत नाही. पाचांची साक्ष जुळली की गाव, वर्ष आणि घडवणारा हात, तिन्ही सापडतात.

शुद्ध चांदी मऊ, म्हणून तिच्यात तांबं मिसळावं लागतं, आणि किती मिसळलं ते गिऱ्हाइकाला दिसत नाही. इंग्लंडात १३०० मध्ये पहिल्या एडवर्डच्या कायद्याने हजारात ९२५ भाग चांदी हा कस ठरवून दिला. तपासलेल्या मालावर बिबट्याचं डोकं उमटू लागलं, पुढे तीच लंडनची खूण ठरली. १३६३ मध्ये कारागिराची खूण सक्तीची झाली, १४७८ मध्ये वर्षाचं अक्षर आलं. खोट निघाली तर त्या साली कस कोणी तपासला, हे कळावं म्हणून ते अक्षर. आज संग्राहकाला वय सांगणारा ठसा मुळात तपासनिसाला जबाबदार धरण्यासाठी होता. शुद्धतेचा सिंह आला १५४४ मध्ये.

गाव ओळखणं त्यामानाने सोपं. एडिंबरोचा किल्ला, १७७३ पासून बर्मिंगहॅमचा जहाजी नांगर आणि शेफिल्डचा मुकुट. अक्षर मात्र गाव ठरल्याशिवाय वाचू नये. त्याच १७७३ साली बर्मिंगहॅमने ‘ए’ लावला, तर शेफिल्डने ‘ई’.

लंडनचा वीस अक्षरांचा फेरा पाहा. चमच्यावर लहान लिपीतला ‘एम’ आहे. तो १७४७ चा असू शकतो, १७८७ चा किंवा १८२७ चा. राजाचं मस्तक म्हणजे कर भरल्याची खूण. ती १७८४ मध्ये सुरू झाली आणि १८९० पर्यंत चालली. म्हणजे १७४७ बाद. बिबट्याचा मुकुट १८२१ मध्ये गेला, म्हणून १८२७ ही बाद. उरलं १७८७. शेजारी वळणदार ‘एच बी’ असेल, तर चमचा हेस्टर बेटमन या लंडनच्या नामवंत महिला कारागिराच्या कारखान्यातला. तिने ही खूण १७६१ मध्ये नोंदवली होती.

फसगतीच्या जागाही माहीत हव्यात. ‘ई पी एन एस’ ही अक्षरं वेगवेगळ्या चौकटींत ठसवली की हॉलमार्कचा भास होतो. प्रत्यक्षात तो जर्मन सिल्व्हरवर दिलेला चांदीचा मुलामा असतो. अठराव्या शतकात कर चुकवायला छोट्या वस्तूवरचा खरा ठसा कापून मोठ्या भांड्यात डाखत. तिथे तोंडाची वाफ सोडली की सांध्याची रेघ उमटते.

आपल्याकडची जुनी चांदी वाचताना हे कोष्टक चालत नाही. ब्रिटिश काळात कलकत्त्याचे हॅमिल्टन, मद्रासचे पी. ऑर, भुजचे उमरसी मावजी यांनी आपापल्या खुणा ठसवल्या, पण कस तपासणारं सरकारी कार्यालय मागे नव्हतं. उमरसींच्या भांड्यावरचा ‘ओ एम’ कारागीर सांगतो, साल सांगत नाही. तिथे नक्षी, वजन आणि कोरलेली नावंच बघावी लागतात. भारतात चांदीचं हॉलमार्किंग सुरू झालं ते थेट २००५ मध्ये, म्हणून आपल्या घरातली बहुतेक ताम्हणं, निरांजनं, अत्तरदाण्या निनावी आहेत.

म्हणून दोन गोष्टी आवर्जून कराव्यात. ठशांवर पॉलिश घासू नये. झिजलेला ठसा पुन्हा उमटत नाही. आणि घरातली चांदी कोणाकडून, कधी, कोणत्या पेढीतून आली, हे सांगणारी माणसं आहेत तोवर वहीत लिहून ठेवावं. तपासनीस नसलेल्या चांदीला वंशावळ द्यायची असेल, तर ती नोंद आपल्यालाच करावी लागणार.