गाढवास रोजचें औषध कसें द्यावें?

बैल, गाय व म्हैस यांच्या दुखण्यांविषयीं पुष्कळ लिहिलें जातें. गाढवाविषयीं सहसा कोणी लिहीत नाहीं. तें कुंभाराचें व बेलदाराचें जनावर, अशी आपली समजूत. परंतु चढावरील ज्या वावरांत गाडी जात नाहीं, तेथें शेणखत नेण्यास गाढवाचा उपयोग कोणासही नाकारतां येणार नाहीं. पौष पौर्णिमेस जेजुरीस गाढवांचा मोठा बाजार भरतो. तेथून जनावर आणणें सोपें आहे. तें आजारी पडल्यावर त्यास रोज औषध देणें मात्र सोपें नाहीं.

महसूल खात्यांतील कारकुनी संपवून मी घरची शेती पाहूं लागलों, तेव्हां खत वाहण्यास दोन गाढवी घेतल्या. पैकीं एकीच्या खुरांत खडा रुतून पू झाला. पशुवैद्यांनीं खूर साफ करून दहा दिवस दोन वेळ देण्यास एक कडू पूड दिली. मीं ती भरड्यांत कालवून पुढें ठेविली. गाढवीनें हुंगलें आणि तोंड फिरविलें. भूक लागली म्हणजे मुकाट्यानें खाईल, असा हिशेब करून मीं बाकीची वैरण बंद केली. दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं ती मान खालीं घालून उभी; हिरवा चारा दाखविला तरी तोंड लावीना. पशुवैद्यांनीं रक्त काढून कांचेच्या नळींत ठेविलें, तों वरचें पाणी दुधासारखें पांढुरकें! पुढें पांच दिवस नळीनें पोटांत पातळ आहार घालावा लागला, तेव्हां ती वांचली.

याचें कारण असें. खाणें थांबलें म्हणजे गाढवाच्या अंगांतील चरबी सुटून रक्तांत उतरते, यकृतांत सांचते व यकृत निकामी होऊं लागतें. मग भूक आणखीच मरते. लठ्ठ, म्हाताऱ्या, गाभण व दूध पाजणाऱ्या गाढवींस हा धोका विशेष. म्हणून औषधासाठीं गाढवास उपाशी ठेवणें सर्वथा वर्ज्य समजावें.

गाढवास आपण हट्टी म्हणतों. वस्तुतः तें सावध असतें. भ्यालेला घोडा पळतो, गाढव जागीं थांबून अंदाज घेतें. एकदां फसविलें कीं तें पुन्हां विश्वास ठेवीत नाहीं. यास्तव पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या.

(१) औषध सबंध खुराकांत कधींही मिसळूं नये; संशय आला तर सारा खुराकच सुटतो. मूठभर ओलसर भरड्यांत, कुस्करलेल्या केळ्यांत किंवा पोखरलेल्या गाजरांत घालून तेवढेंच द्यावें. पुदिन्याच्या पानांनीं औषधाचा वास झांकतो.

(२) आधीं तोच घांस औषधाशिवाय दोन-तीन वेळां द्यावा. उपचार चालू झाल्यावरही मधून मधून साधा घांस देत जावा.

(३) घांस नाकारल्यास पूड काकवींत घोटून सुई नसलेल्या पिचकारींत भरावी. पुढचे दांत व दाढा यांच्या मधील मोकळ्या जागेंतून ओठाच्या कोपऱ्यानें ती आंत सारावी व थोडें थोडें सोडावें. मान उंच धरूं नये. बैलास पाजतात तसें नळकांड्यानें भडाभडा ओतल्यास औषध फुप्फुसांत जाऊन जनावर दगावण्याची भीति असते.

(४) जोडीदारास दूर बांधूं नये. वियोगानेंही गाढव खाणें सोडतें. त्यास समोरच, परंतु तोंड पोंचणार नाहीं इतक्या अंतरावर, साधा घांस द्यावा.

(५) खुरांच्या आंतील दाहाचा विकार असल्यास गूळ, काकवी व केळें टाळावें. कोणतें औषध कशांत कालवावें, हें पशुवैद्यांस विचारूनच ठरवावें.

(६) दिलेली मात्रा वहींत टिपावी. एखादी मात्रा सांडली म्हणून पुढच्या वेळीं दुप्पट देऊं नये.

माझ्या गाढवीनें पुढें केळ्यांतून तेंच औषध बिनतक्रार घेतलें व आज ती खत वाहत आहे. दप्तरांतील चूक तांबड्या शाईनें दुरुस्त करतां येते. मुक्या जनावराच्या बाबतींत ती सोय नाहीं. औषध एक वेळ राहिलें तर दुसऱ्या वेळीं देतां येईल. पण गाढवानें एक दिवस चारा सोडला, तर घरगुती उपाय न करतां त्याच दिवशीं पशुवैद्यांस बोलवावें.