यमाचीही उलटतपासणी

लिफ्टचं दार उघडतं आणि दोन माणसं एका चकचकीत बारमध्ये येतात. काउंटरमागे पांढऱ्या केसांचा, कोऱ्या चेहऱ्याचा एक तरुण उभा असतो. त्याचं नाव डेसिम. तो अदबीनं सांगतो, की आता तुम्हाला एक खेळ खेळावा लागेल आणि पणाला प्राण लावावे लागतील. डार्ट, बोलिंग, एअर हॉकी, जो वाट्याला येईल तो. पाहुण्यांना एकच गोष्ट ठाऊक नसते : पणाला लावायला प्राण उरलेलेच नाहीत. दोघंही एकाच वेळी मेलेले असतात आणि तो खेळ म्हणजे त्यांचा खटला असतो. कोण जिंकलं याला महत्त्व नाही. कोंडीत सापडल्यावर कोण कसं वागलं हे डेसिम पाहतो आणि मग पाठवणी करतो, पुनर्जन्माच्या लिफ्टनं नाहीतर शून्याच्या. लिफ्टवर मुखवटे असतात. शून्याकडे जाणारीवर शिंगं असलेला राक्षसी, दुसरीवर पांढरा.

ही ‘डेथ परेड’. युझुरू ताचिकावा यांनी दिग्दर्शित केलेली, मॅडहाउस स्टुडिओची 2015 मधली बारा भागांची जपानी अ‍ॅनिमे मालिका. तिच्या आधी, 2013 मध्ये, त्यांनीच ‘डेथ बिलियर्ड्स’ हा छोटा चित्रपट केला होता.

ही मालिका पाहताना मला आठवतं ते विसरवाडी, नवापूर तालुक्यातलं, धुळे–सुरत महामार्गावरचं गाव. धुळ्याकडून आलं की कोंडाईबारीचा घाट उतरायचा आणि मग विसरवाडी. दोन अनोळखी माणसं एकाच क्षणी मरणं ही पटकथेची सोय वाटू शकते. महामार्गाकाठी अपघात पाहणाऱ्या माणसाला ती वाटणार नाही. तिथला एखादा कॉलेजचा पोरगा रात्री मोबाइलवर ही मालिका पाहत असेल, तर त्याला ती अस्सल जपानी वाटेल. आणि धनत्रयोदशीच्या संध्याकाळी महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांतून कणकेचा दिवा दक्षिणेकडे तोंड करून ठेवला जातो, तो ज्याच्यासाठी असतो त्या यमाचाच डेसिम हा लांबचा नातलग आहे, हे त्याला कुणी सांगितलेलं नसेल.

यमापासून डेसिमपर्यंतचा तो प्रवास मोठा अचंबित करणारा आहे. ऋग्वेदातला यम न्यायाधीश नाहीच. तो मरण पावलेला पहिला माणूस आहे. त्यानं आधी वाट शोधली, म्हणून मागून येणाऱ्यांचा तो राजा झाला. त्याच्या वाटेवर चार डोळ्यांचे दोन कुत्रे आहेत. आणि दहाव्या मंडलातल्या एका सूक्तात तो दाट पानांच्या झाडाखाली देवांबरोबर पेय पीत बसलेला दिसतो. मेलेल्यांचा यजमान आणि हातात पेला! मॅडहाउसच्या लेखकांनी हे सूक्त वाचलं असेल असं मला वाटत नाही, पण वाचताना अंगावर काटा आला खरा.

पुढे यमाच्या हाती दंड आला, शेजारी चित्रगुप्त वही घेऊन बसला, वाटेत वैतरणी आली. ते सगळं गरुडपुराणामुळे आपल्या परिचयाचं आहे. बौद्ध भिक्षू आणि व्यापारी यांच्याबरोबर हा यम चीनमध्ये पोचला आणि तिथल्या सरकारी व्यवस्थेत असा काही रुजला, की परलोकाचं चक्क कचेरीत रूपांतर झालं. एकाच्या जागी दहा राजे, दहा दरबार. मेल्यावर दर सातव्या दिवशी एक सुनावणी, सातव्यापासून एकोणपन्नासाव्या दिवसापर्यंत. मग शंभरावा दिवस, वर्ष आणि शेवटी तिसरं वर्ष. दहावं, तेरावं, वर्षश्राद्ध करणाऱ्या आपल्याला हा हिशेब परका वाटू नये. या दहा राजांच्या ग्रंथाच्या जुन्या सचित्र प्रती दुनहुआंगच्या गुहांत सापडल्या आहेत. यम त्यात पाचवा. हीच कल्पना जपानमध्ये गेली. तिथे तो एन्मा झाला. त्याच्या दरबारात मेलेल्याची सगळी कृत्यं दाखवणारा आरसा असतो. ‘ड्रॅगन बॉल’ पाहत वाढलेल्यांनी एन्मा पाहिलाच आहे : प्रचंड देह, शिंगांची टोपी, समोर टेबल आणि आत्म्यांची रांग.

पण वहीपेक्षा, आरशापेक्षा मला गुंगवून टाकतं ते वेगळंच. ही कथा जिथे जिथे गेली, तिथे तिथे लोकांनी या न्यायाधीशालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं आहे.

सगळ्यात धारदार खटला महाभारताच्या आदिपर्वात आहे. मांडव्य ऋषी मौनात बसलेले असतात. चोर त्यांच्या आश्रमात लूट लपवतात, राजाची माणसं येतात, मुनी बोलत नाहीत आणि त्यांना सुळावर चढवलं जातं. ते मरत नाहीत. सूळ निघत नाही म्हणून बाहेरचा भाग कापावा लागतो. टोक आतच राहतं. हा मुनी थेट धर्माच्या, म्हणजे यमाच्या, दरबारात जाऊन विचारतो, माझा गुन्हा काय? उत्तर मिळतं : लहानपणी तू कीटकांना काडी टोचली होतीस. मांडव्य खवळतात. एवढ्याशा चुकीला एवढी शिक्षा? ते तिथल्या तिथे नियम घालून देतात, की चौदा वर्षांच्या आतलं कृत्य पाप धरायचं नाही. आणि न्यायाधीशाला शिक्षा सुनावतात : तू माणूस म्हणून जन्म घे, तोही शूद्र स्त्रीच्या पोटी. तोच विदुर. सगळं दिसणारा, सगळं कळणारा आणि दरबारात ज्याचं कुणी ऐकत नाही असा. यापेक्षा नेमकी शिक्षा मला तरी सुचत नाही.

पाली मज्झिम निकायातल्या देवदूतसुत्तात यम मेलेल्याला विचारतो, तुला म्हातारा दिसला नाही का, आजारी दिसला नाही का? आणि शेवटी स्वतःच मनात म्हणतो, मला माणसाचा जन्म मिळावा, बुद्धाचा उपदेश ऐकायला मिळावा. चिनी बौद्ध ग्रंथांत त्याच्या तोंडात दिवसरात्रीतून तीनदा वितळलेलं तांबं ओतलं जातं. चिनी लोककथा तर सांगते, की तो पूर्वी पहिल्या दरबारात होता. अन्यायानं मेलेल्यांची त्याला दया येई, तो त्यांना परत पाठवी, म्हणून त्याची बदली पाचव्या दरबारात झाली. दयेपायी बदली! हे वाचून आपल्याकडचे कितीतरी सरकारी नोकर कसनुसं हसतील.

तोक्योच्या गेन्काकु-जी मंदिरात एन्माची मूर्ती आहे. तिचा उजवा डोळा गढूळ आहे. दंतकथा अशी, की डोळे गेलेल्या एका म्हातारीला त्यानं आपला डोळा दिला. ती त्याला आपल्या आवडीचं कोन्याकु, सुरणासारख्या कंदाचा लगदा, वाहत राहिली. लोक अजून वाहतात. जपानमध्ये 16 जानेवारी आणि 16 जुलै हे एन्माचे दिवस. तेव्हा नरकातल्या सेवकांनाही सुट्टी. आपल्याकडे भाऊबीज ही यमद्वितीया : यम बहिणीकडे जेवायला जातो आणि नरकातल्या जिवांना तेवढा दिवस मोकळीक मिळते, असं सांगतात. एकमेकांपासून इतक्या दूरच्या दोन समाजांनी त्याला रजा मंजूर केली.

अर्थात कोर्ट हवंच असंही नाही. विसरवाडीच्या आसपासच्या भिल, मावची, कोकणी आदिवासींमध्ये पूर्वजांचा मान मोठा. नवं धान्य आधी देवांना आणि त्यांना, मग घरच्यांना. तिथे मेलेला माणूस आधी पूर्वज असतो. त्याची वही कुणी उघडून बसत नाही.

डेसिमची वही मात्र उघडी असते. पाहुण्यांच्या आठवणी त्याला आधीच मिळतात, तरीही त्याचं चुकतं. पहिल्या भागात मधुचंद्राला निघालेलं जोडपं येतं. खेळता खेळता नवऱ्याचा संशय भडकतो. शेवटी बायको ओरडून सांगते, की मी पैशासाठीच तुझ्याशी लग्न केलं. डेसिम तिला शून्यात पाठवतो. दुसऱ्या भागात त्याची मदतनीस, काळ्या केसांची बाई, त्याला सुचवते, की ती खोटं बोलली असेल. अपघातात आपल्या पोटातलं त्याचं मूलही गेलं, हे दुःख त्याला होऊ नये म्हणून. डेसिमजवळ आठवणी होत्या; माणूस एखाद्यासाठी स्वतःवर आळ घेतो, हे मात्र त्याच्या गावी नव्हतं.

पुढे मालिकेचा शेवट आहे. पाहायची असेल त्यांनी इथे थांबावं. ही मदतनीस, चियुकी, स्वतःही मेलेलीच असते. एकेकाळी आइस स्केटिंग करणारी. डेसिम तिला तिच्या घरी नेल्याचा भास निर्माण करतो. आई शोकात बसलेली. तो म्हणतो, हे बटण दाब, तू जिवंत होशील. बदल्यात तुला अनोळखी कुणीतरी मरेल. ती दाबत नाही. त्या अनोळखी माणसासाठीही कुणीतरी असंच रडेल, एवढंच तिला कळतं. तेव्हा डेसिम कोसळतो. नियम असा, की निवाडा करणाऱ्यांना भावना नसाव्यात, कारण ते बाहुले आहेत. आणि त्याची वरिष्ठ नोना हिनं मुद्दामच त्याच्यात माणसाच्या भावना घातलेल्या असतात. न्यायाधीशाला माणूस करायला मांडव्यांना शाप द्यावा लागला, नोना गुपचूप प्रयोग करते. चियुकी पांढऱ्या मुखवट्याच्या लिफ्टनं जाते. डेसिम काउंटरमागे परत येतो, आणि पुढच्या दोन पाहुण्यांचं स्वागत हसून करतो.