मधमाशी नव्हे, सिरफिड माशी

हिवाळ्यात भोपाळच्या मोठ्या तलावाकाठी, वनविहारात किंवा शहराबाहेरच्या मोहरीत फुलासमोर हवेत एका जागी थांबलेला पिवळा-काळा कीटक दिसला, तर आधी पंख पाहा. मधमाशीला चार, सिरफिड माशीला दोनच; मागच्या जोडीच्या जागी तोल सांभाळणाऱ्या बारीक गाठी. मिशा आखूड. नराचे मोठे डोळे बहुधा माथ्यावर एकमेकांना भिडतात, मादीचे नाहीत. नांगी नाहीच, गांधीलमाशीचे रंग पक्ष्यांना चकवण्यापुरते. जगभरात हिच्या सुमारे ६,००० जाती आहेत. त्यांपैकी इस्किओडॉन स्क्युटेलारिस या जातीच्या अळ्या मोहरीवरचा मावा फस्त करतात. फुलोऱ्यात सरसकट फवारणी केली की हा राखणदारही मरतो. एरिस्टॅलिनस या सिरफिड माश्यांच्या अळ्या मात्र साचलेल्या घाण पाण्यात वाढतात आणि शेपटीसारख्या लांब नळीने श्वास घेतात.