समुपदेशक व्हायचंय? पदवीचं नाव नंतर, तास आधी मोजा

मुलगी सायकॉलॉजी घेऊन बी.ए. झाली की घरातलं कुणीतरी सुचवतंच, "काउन्सेलिंगचं काहीतरी कर, हल्ली फार मागणी आहे." गरज आहे हे खरं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार बहुतेक मानसिक आजारांत ७० टक्क्यांहून अधिक लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नव्हते. पण ते 'काहीतरी' म्हणजे नेमकं काय, याबद्दल गैरसमजच जास्त.

गैरसमज : चांगलं बोलता आलं, धीर देता आला की झालं.

वस्तुस्थिती : धीर देण्याची घाई आवरायला शिकण्यातच प्रशिक्षणाचा बराच काळ जातो. समोरच्याची संमती घेऊन विद्यार्थी सत्रातलं संभाषण शब्दशः लिहून काढतो आणि सुपरव्हायजरपुढे ठेवतो. समजा, एक बाई म्हणाल्या, "हे गेल्यापासून घरात कुणी माझ्याशी धड बोलत नाही." विद्यार्थी म्हणाला, "काळजी करू नका, होईल सगळं नीट." सुपरव्हायजरचं बोट नेमकं इथं थांबतं. हे त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणालास, की तुला ऐकवेना म्हणून? घरात नेमकं काय घडतंय, हे विचारायचं राहूनच गेलं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९४० च्या दशकात सत्रं ध्वनिमुद्रित करून ती अभ्यासायला आणि शिकवायला वापरली. आजचं सुपरव्हिजन त्याच वाटेनं चालतं.

गैरसमज : एम.ए. सायकॉलॉजी झालं की समुपदेशक झालो.

वस्तुस्थिती : कित्येक एम.ए. अभ्यासक्रमांत पेपर, प्रयोग आणि प्रबंध यांवरच भर असतो. माणसापुढे बसण्याचा सराव फार थोडा. मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमधल्या समुपदेशनाच्या अभ्यासक्रमात मात्र फील्डवर्क हा अभ्यासाचाच भाग असतो. तासांचा अंदाज यावा म्हणून अमेरिकेचं उदाहरण घेऊ. तिथं समुपदेशनाच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या 'कॅक्रेप' या संस्थेच्या मान्यतेसाठी पदव्युत्तर शिक्षणात १०० तासांचं प्रॅक्टिकम, म्हणजे देखरेखीखालचा पहिला सराव, आणि ६०० तासांची इंटर्नशिप लागते. इंटर्नशिपमधले किमान २४० तास थेट लोकांबरोबर काम करण्यात गेले पाहिजेत. पदवीनंतरही राज्याचा परवाना हवा तर देखरेखीखाली आणखी काम करावं लागतं आणि परीक्षाही द्यावी लागते. आपल्याकडे हे प्रमाण अभ्यासक्रमागणिक बदलतं. त्यामुळे दोघांच्या प्रमाणपत्रावर एकच पदवी असली तरी दोघांची तयारी सारखी असेलच असं नाही.

गैरसमज : समुपदेशक, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, सायकियाट्रिस्ट, सगळे एकच.

वस्तुस्थिती : सायकियाट्रिस्ट हा एम.बी.बी.एस. करून मानसोपचारात पुढचं शिक्षण घेतलेला डॉक्टर. औषधं तो लिहून देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टसाठी भारतीय पुनर्वास परिषदेनं मान्य केलेला अभ्यासक्रम लागतो, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात त्याची व्याख्याच दिलेली आहे. समुपदेशक गोळ्या देत नाही. समोरच्याला भास होत आहेत किंवा जीव द्यावासा वाटतोय, हे ओळखून त्याला वेळेत डॉक्टरकडे पाठवणं मात्र त्याला यायलाच हवं.

गैरसमज : कायदाबियदा काही नाही, घरबसल्या कोर्स करावा आणि पाटी लावावी.

वस्तुस्थिती : २०२१ मध्ये संसदेनं संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. मानसशास्त्रज्ञ आणि आरोग्यक्षेत्रातले समुपदेशक त्याच्या कक्षेत येतात. 'आरोग्यसेवा व्यावसायिक' म्हणवून घ्यायला किमान ३६०० तासांची पदवी हवी, असं हा कायदा म्हणतो. त्याचाच आधार घेऊन विद्यापीठ अनुदान आयोगानं जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम बंद करायला सांगितलं. शनिवार-रविवारचे छोटे कोर्स शिक्षकांना, स्वयंसेवकांना जरूर उपयोगी पडतात. पण त्यांच्या बळावर व्यवसाय थाटणं धोक्याचं.

गैरसमज : समुपदेशकाला सांगितलेलं कधीच बाहेर जात नाही.

वस्तुस्थिती : गोपनीयता हा या कामाचा पाया, पण तिलाही मर्यादा आहेत. अल्पवयीन मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार त्याची खबर द्यावीच लागते. न देणं हा गुन्हा आहे. म्हणून ही मर्यादा पहिल्याच भेटीत, साध्या शब्दांत सांगायला विद्यार्थ्यांना शिकवतात. मुलानं सगळं सांगून टाकल्यावर ती सांगितली, तर त्याला फसवल्यासारखं वाटतं.

तेव्हा प्रवेश घेताना इमारत आणि प्लेसमेंटच्या आधी चार गोष्टी विचारा. प्रत्यक्ष लोकांबरोबर किती तास काम मिळेल? ते कुठल्या दवाखान्यात, शाळेत किंवा संस्थेत? सुपरव्हिजन दर आठवड्याला होतं का? आणि सुपरव्हायजर स्वतः आजही समुपदेशन करतात का? माहितीपुस्तिकेत उत्तरं नसतील तर विभागात फोन लावा. तिथंही "ते नंतर बघू" असं ऐकायला मिळालं, तर फी भरण्याआधी दुसरं विद्यापीठ बघा.