लाइव्हवरचे पैसे : मेहनताना, मदत की मिनतवारी?

मिरा रोड आणि भाईंदरच्या सोसायट्यांमध्ये टीव्ही मालिकांत छोटी-मोठी कामे करणारे, ऑडिशनच्या चकरा मारणारे कलाकार बऱ्याच वर्षांपासून भाड्याने राहत आले आहेत. अंधेरी-गोरेगाव लोकलने गाठता येते आणि भाडे तिथल्यापेक्षा कमी पडते. आता त्याच इमारतींत आणखी एक पिढी कॅमेऱ्यासमोर बसली आहे. तिला ना ऑडिशन लागते ना स्टुडिओ. वन-रूम-किचनच्या कोपऱ्यात मोबाइलचा स्टँड, एक रिंग लाइट आणि इंटरनेट एवढ्यावर काम भागते. कुणी बीजीएमआय खेळून दाखवतो, कुणी मेहंदी काढायला शिकवते, कुणी बिर्याणीचा मसाला समजावते, कुणी नुसत्याच गप्पा मारतो. पाहणारे देशभरातले असतात. आणि मधूनमधून एक वाक्य ठरलेले असते : “भाईलोग, आजचे टार्गेट अजून बाकी आहे, सुपरचॅट येऊ द्या!”

घरातल्या मोठ्यांना हे वाक्य खटकते. अम्मी विचारतात, “ही कमाई आहे की हात पसरणे?” अब्बांची काळजी वेगळी असते : आपला धाकटा दुसऱ्या कुणाच्या लाइव्हवर गुपचूप पैसे तर पाठवत नाही ना? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. लाइव्ह करणे जायज की नाजायज, हा मसला आपापल्या आलिमांना विचारावा. इथे प्रश्न पैसे मागण्यापुरताच आहे. लाइव्हवरचे मागणे एकसारखे दिसले तरी त्यात तीन निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात : मेहनताना, मदत आणि मिनतवारी. त्या वेगळ्या करून पाहिल्या की बराच गुंता सुटतो.

दौलतजादा ते सुपरचॅट

कलावंताला प्रेक्षकाने खूश होऊन पैसे देणे आपल्या मुलखाला नवे नाही. कव्वालीच्या मैफिलीत नजराणा दिला जातो. तमाशात आणि संगीत बारीत ‘दौलतजादा’ चालत आला आहे : रसिकाने पैसे द्यायचे, आवडीचे गाणे सांगायचे आणि फडावर आपले नाव पुकारून घ्यायचे. यूट्यूबने जानेवारी २०१७ मध्ये ‘सुपरचॅट’ सुरू केले, त्याची रीत हीच आहे. पैसे देणाऱ्याचा मेसेज रंगीत पट्टीत वर दिसतो. रक्कम जितकी मोठी तितका तो वर जास्त वेळ टिकतो. लाइव्ह करणारा ते नाव घेऊन आभार मानतो. जमलेल्या रकमेतला ७० टक्के वाटा त्याला मिळतो, उरलेला कंपनी ठेवते.

मग फरक कुठे आहे? मैफिलीत देणारा डोळ्यांसमोर असतो. तो मोठा आहे की पोरगा, शुद्धीत आहे की नाही, खिशातली शेवटची नोट तर देत नाही ना, हे घेणाऱ्याला दिसते. नोटा संपल्या की हातही थांबतो. लाइव्हवर यातले काहीच दिसत नाही. पडद्यावर फक्त एक नाव येते आणि एक आकडा. त्या नावामागे दुबईतला पगारदार असेल किंवा भाईंदरमधला सातवीतला मुलगा, ज्याला अम्मीचा यूपीआय पिन पाठ आहे. म्हणून जुन्या नजराण्याचा न्याय जसाच्या तसा इथे लावता येत नाही. देणारा दिसत नसेल तर सांभाळून मागण्याची जबाबदारी मागणाऱ्यावर जास्त येते.

कशाचे पैसे?

पहिली गोष्ट मेहनताना. एखादी भगिनी रोज तासभर शिवणकाम शिकवते, पाहणाऱ्यांच्या शंका सोडवते आणि म्हणते, “उपयोग झाला असेल आणि परवडत असेल तर द्या.” हे हात पसरणे नव्हे. शिकवणीची फी असते तसाच हा कामाचा मोबदला आहे, फक्त रक्कम देणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेली आहे. खेळ दाखवून लोकांचे मन रमवणाऱ्यालाही हेच लागू आहे. घरातल्या मुलाने अशी कमाई केली तर ‘भीक मागतो’ म्हणून त्याला हिणवू नये. मात्र ही कमाई आहे म्हटल्यावर तिचा हिशेब ठेवावा लागतो आणि ती आयकराच्या हिशेबातही धरावी लागते.

दुसरी गोष्ट मदत. “वालिद इस्पितळात आहेत,” “फी भरायची आहे,” असे सांगून मागितले जाते तेव्हा ते कामाचे पैसे राहत नाहीत, तो सवाल होतो. सवालाबद्दल आपला दीन फार काटेकोर आहे. सहीह मुस्लिममध्ये हजरत कबीसा (रजि.) यांची हदीस आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना सांगितले की, मागण्याची परवानगी तिघांनाच आहे : दुसऱ्यांच्या समेटासाठी ज्याने देण्याची हमी घेतली तो, आपत्तीत ज्याचे सारे गेले तो, आणि ज्याच्या फाक्यांची साक्ष त्याच्याच लोकांतली तीन समजदार माणसे देतील तो. तिघांनाही हद्द घालून दिली आहे. गरज भागली की मागणे थांबवायचे.

ही हदीस लाइव्हवरच्या मागणीसमोर ठेवून पाहा. गरज खरी आहे याची साक्ष कोण देणार? मोहल्ल्यात इमाम साहेब ओळखतात, शेजारी ओळखतात. लाइव्हवर हजारो पाहणारे असतात, पण ओळखणारा एकही नसतो. आणि रक्कम पुरी झाल्यावर क्यूआर कोड पडद्यावरून उतरतो का?

तिसरी गोष्ट मिनतवारी. काम झालेले असते, गरजही सांगितलेली नसते, तरी मागणे थांबत नाही. “एवढे सगळे बघताय आणि एकही सुपरचॅट नाही?” “खरा चाहता असाल तर दाखवा.” “दहा मिनिटांत टार्गेट झाले नाही तर लाइव्ह बंद.” सूरह अल-बकराच्या २७३ व्या आयतीत अशा गरजूंचा गौरव आहे, जे लोकांना चिकटून मागत नाहीत. तिथला शब्द ‘इल्हाफ’ आहे, म्हणजे पिच्छा पुरवून मागणे. लाइव्हवरच्या बऱ्याचशा मागण्याला याहून नेमका शब्द सापडणार नाही.

सरकारलाही ही गोष्ट वेगळ्या वाटेने उमगली आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन व्यवहारांतल्या १३ फसव्या युक्त्यांवर बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत खोटी घाई निर्माण करणे, नकार देणाऱ्याला लाजवणे आणि पुन्हा पुन्हा टोकत राहणे या तिन्ही युक्त्या आहेत. ही तत्त्वे अॅप-वेबसाइट चालवणाऱ्या कंपन्या, विक्रेते आणि जाहिरातदार यांच्यासाठी आहेत. पण लाइव्ह करणाऱ्याने आपली भाषा तपासायला हीच मोजपट्टी वापरायला हरकत नाही.

छावणीतून आलेली हाक

मदतीच्या नावाने काय होऊ शकते, याचे दुखरे उदाहरण सीरियाचे आहे. २०२२ मध्ये बीबीसीने वायव्य सीरियातल्या निर्वासित छावण्यांची पाहणी केली. तिथली कुटुंबे टिकटॉकवर तासन् तास लाइव्ह बसून ‘गिफ्ट’ मागत होती. पुष्कळदा लहान मुले पुढे बसवलेली असत. मोबाइल आणि सामान दलाल पुरवत. बीबीसीने स्वतः १०६ डॉलरची गिफ्ट पाठवून पाहिली. खात्यात उरले ३३ डॉलर. पैसे काढून देणाऱ्या दुकानाचा आणि दलालाचा वाटा वजा केल्यावर कुटुंबाच्या हातात १९ डॉलर पडले असते. आपला वाटा ७० टक्क्यांपेक्षा बराच कमी असतो आणि अशी पिळवणूक आपल्याला मंजूर नाही, असे टिकटॉकने कळवले.

भारतात टिकटॉक २९ जून २०२० पासून बंद आहे. बिगो लाइव्हसारखे गिफ्टवर चालणारे अॅपही त्याच यादीत होते. पण रीत बंद झालेली नाही, ती दुसऱ्या अॅपवर गेली आहे. पडद्यावर गुलाब, सिंह, मुकुट अशी चित्रे पाठवायची आणि त्याचे पैसे व्हायचे. चित्र पाठवताना आपण रुपये देतो आहोत हे ध्यानात राहत नाही, आणि पोहोचतात किती तेही कळत नाही.

आपल्या मशिदीत, मदरशात चंदा कसा जमतो ते आठवा. पावती पुस्तक असते, देणाऱ्याच्या हातात पावती पडते, हिशेब कमिटीपुढे येतो. ही शिस्त आपल्याकडे आधीपासून आहे. मग सदका म्हणून मोबाइलवरून पैसे पाठवताना आपण ती का विसरतो? सदका करायचाच असेल तर गिफ्टचे चित्र पाठवण्याऐवजी नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात द्यावा किंवा ओळखीच्या गरजूच्या हातात. जकातीच्या बाबतीत तर अधिकच जपावे. ती कुणाला देता येते हे ठरलेले आहे, आणि आवडत्या गेमरला खूश होऊन दिलेला सुपरचॅट काही जकात होत नाही.

लेकरांच्या हातातले पैसे

ऑगस्ट २०२१ मध्ये जोगेश्वरीच्या १६ वर्षांच्या मुलाची बातमी मुंबईभर गाजली. पबजीच्या नादात त्याने आईच्या खात्यातले सुमारे १० लाख रुपये खर्च केले होते. घरी कळल्यावर रागावणे झाले आणि तो चिठ्ठी लिहून निघून गेला. पोलिसांना तो अंधेरीत महाकाली लेण्यांच्या परिसरात सापडला आणि सुखरूप घरी आला. ते पैसे खेळातल्या खरेदीचे होते, सुपरचॅटचे नव्हते. पण फोन तोच, खाते तेच आणि बोट दाबण्याची सोयही तीच. तिथून मिरा रोड लोकलने अर्ध्या तासाच्या आसपास आहे.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ११ प्रमाणे अज्ञान व्यक्ती करार करू शकत नाही. फिकहमध्येही, हनफी असो की शाफई, नाबालिगने आपल्या मालातून दिलेला हिबा म्हणजे बक्षीस ग्राह्य नाही. मग आईबापाच्या खात्यातून न विचारता दिलेले पैसे कसे ग्राह्य ठरतील? चीनच्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये सांगितले की, मुलांनी वयाला न शोभणारी रक्कम पालकांच्या संमतीविना लाइव्हवर दिली आणि पालकांनी परत मागितली, तर ती परत मिळायला हवी.

याचा अर्थ घेणाऱ्यालाही कळला पाहिजे. एखाद्या पालकाने “माझ्या मुलाने न विचारता पाठवले” असे कळवले आणि ते खरे असेल, तर ते पैसे परत करावेत. ते आपले नव्हतेच.

मिरा रोडने पाहिलेला धडा

अनोळखी माणसाकडून ठरलेली वाक्ये म्हणून पैसे काढणे कुठवर जाते, हे या गावाने एकदा पाहिले आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मिरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले आणि ७०० हून अधिक जणांना चौकशीसाठी ताब्यात घेतले. अमेरिकेच्या कर खात्याचे अधिकारी असल्याचे भासवून तिथल्या नागरिकांना धमकावले जात होते आणि पैसे उकळले जात होते, असा आरोप होता. खुर्चीवर बसलेले बहुतेक विशी-पंचविशीतले होते. ती उघड फसवणूक होती. लाइव्ह करणारी मुले तसे काही करत नाहीत, आणि त्यांना त्या रांगेत बसवणे अन्यायाचे होईल. पण एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे : समोरचा माणूस दिसत नसला की त्याची जाणीव बोथट होते. कुणाच्या घरात काय चालले आहे याची फिकीर उरत नाही, फक्त आकडा दिसतो.

घरात ठरवण्यासारखे

लाइव्ह करणाऱ्याने काही गोष्टी स्वतःवर बांधून घ्याव्यात. पैसे कशाचे आहेत ते आधी सांगावे. लाइव्हच्या सुरुवातीला किंवा शेवटी एकदाच मागावे. १८ वर्षांखालच्यांनी पाठवू नये, हे दरवेळी मोठ्याने सांगावे. न देणाऱ्याला टोमणा मारू नये, आणि त्याच्या प्रश्नालाही उत्तर द्यावे. कुणी एकच जण वारंवार मोठ्या रकमा पाठवत असेल तर त्याला आपणच “बस, पुरे” म्हणावे. एकटेपणापायी पैसे देणारी माणसेही असतात. मदतीसाठी लाइव्ह केले तर त्याचे खाते वेगळे ठेवावे, अॅपने किती कापले, किती पोहोचले हे पावतीसह दाखवावे आणि रक्कम पुरी झाली की कोड काढून टाकावा.

पालकांनी फोनमधल्या खरेदीला पासवर्ड लावावा, यूपीआय पिन मुलांपुढे टाकू नये आणि बँकेचे मेसेज रोज पाहावेत. मुलाने पैसे पाठवलेच तर आधी धीर द्यावा. मग अॅपकडे लगेच परताव्याची मागणी करावी. फसवणूक झाली असेल तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे. मिरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाचे सायबर पोलीस ठाणेही आहे.

आणि ज्या घरातला मुलगा किंवा मुलगी लाइव्ह करते, त्या घरातल्या मोठ्यांनी एकदा तरी पूर्ण लाइव्ह शेजारी बसून पाहावे. नंतर विचारावे : “बेटा, जे शब्द वापरून तू पैसे मागितलेस, तेच शब्द तू आपल्या जिन्यातल्या शेजाऱ्याच्या दारात उभा राहून म्हणशील का?” उत्तर ‘हो’ आले तर ती कमाई निर्धास्त घरात येऊ द्यावी. मुलगा अडखळला तर कोणते वाक्य गाळायचे, हे त्याला सांगावे लागणार नाही.