गव्हर्नर गेला, लस आली: परळचा एक वाडा

परळच्या केईएम रुग्णालयाकडे निघालात की शेजारच्या हाफकिन संस्थेच्या फाटकातून एकदा आत डोकवा. ती भारदस्त जुनी इमारत म्हणजे मलबार हिलच्या राजभवनाची थोरली बहीण!

आधी प्रार्थना, मग पंगती: पोर्तुगीज काळात इथे पाद्र्यांचा मठ होता. अठराव्या शतकात इंग्रजांनी तो घेतला आणि गव्हर्नरचं निवासस्थान केलं. १८२५ मध्ये आलेल्या बिशप हेबरने लिहून ठेवलंय, की खालचं जेवणाचं दालन म्हणजे मूळचं चर्च. परळमध्ये तेव्हा गिरण्यांची एकही चिमणी नव्हती.

एशियाटिकचं जन्मघर: टाउन हॉलच्या पायऱ्यांवर फोटो काढणाऱ्यांना सांगा, तिथल्या एशियाटिक सोसायटीची पहिली बैठक २६ नोव्हेंबर १८०४ रोजी परळच्या याच वाड्यात भरली. पुढाकार मुंबईचे न्यायाधीश जेम्स मॅकिंटॉश यांचा.

कॉलऱ्याचा घाला: पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज ज्यांच्या नावाचं, ते गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन. १८८२ मध्ये त्यांची पत्नी याच वाड्यात कॉलऱ्याने गेली. १८८५ पासून गव्हर्नरांचा मुक्काम मलबार पॉइंटला हलला.

आणि मग आला हाफकिन! ओडेसात जन्मलेल्या या ज्यू शास्त्रज्ञाने कॉलऱ्यावरची लस आधीच तयार केलेली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग फुटला. सरकारने त्याला बोलावलं. ग्रँट मेडिकल कॉलेजात काम करून त्याने प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिली सुई स्वतःलाच टोचून घेतली. मग भायखळा तुरुंगातले कैदी स्वेच्छेने पुढे आले. १८९९ मध्ये त्याची प्रयोगशाळा परळच्या वाड्यात आली. ज्या घरातून कॉलऱ्याने माणूस नेलं, तिथे कॉलऱ्याच्या लसीचा जनक कामाला बसला. मला तरी या वास्तूच्या इतिहासातलं हेच पान सगळ्यांत मोलाचं वाटतं.

त्याची कदर मात्र लगेच झाली नाही. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी लस टोचलेली १९ माणसं धनुर्वाताने दगावली. ठपका हाफकिनवर आला आणि त्याला पदावरून दूर केलं गेलं. दोष लसीचा नव्हे, बाटली उघडताना झालेल्या हलगर्जीचा, असं रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांनी ठणकावून सांगितलं. १९०७ मध्ये तो निर्दोष ठरला.

१९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्याचं नाव दिलं गेलं. तेव्हा तो हयात होता.