श्वासाचे मोजमाप आणि रुग्णाच्या जीविताची आशा

नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकविणाऱ्या माळशिरस तालुक्यात शेतावर व वस्तीवर राहणाऱ्यांना सर्पदंशाचे भय नवे नाही. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसास दंश करते. दंशाची जागा सुजत नाही, वेदनाही फारशी होत नाही. काही तासांनी मात्र पापण्या जड होतात, आवाज खोल जातो आणि श्वसनाचे स्नायू दुबळे होऊ लागतात. अशा रुग्णास प्रतिविषाबरोबरच कृत्रिम श्वसनयंत्राची, म्हणजे व्हेंटिलेटरची, गरज भासू शकते. येथेच अनेक कुटुंबांचा धीर सुटतो. ‘यंत्र लावले म्हणजे सारे संपले’ हा समज कितपत खरा आहे, हे श्वासाच्या मोजमापांवरून कळू शकते.

यंत्रापूर्वीची मोजणी

निरोगी प्रौढ माणूस विश्रांतीच्या वेळी मिनिटास सुमारे १२ ते २० श्वास घेतो. हा आकडा ३० च्या वर जाणे गंभीर समजले जाते. सर्पदंशात एवढीच मोजणी पुरत नाही. रुग्णास एका श्वासात मोठ्याने अंक मोजावयास सांगतात. निरोगी माणूस साधारणतः ३० च्या पुढे जातो. दर खेपेस आकडा घटत असेल तर स्नायूंची शक्ती ओसरत आहे, हे उघड होते.

यंत्रावरील मोजमापे

अतिदक्षता विभागात प्रामुख्याने तीन गोष्टी पाहिल्या जातात. पहिली, रक्तातील प्राणवायूचा दाब आणि रुग्णास दिलेल्या प्राणवायूचे प्रमाण यांचे गुणोत्तर. ६० टक्के प्राणवायू देऊनही रक्तातील दाब ९० असेल, तर ९० भागिले ०.६ म्हणजे १५० हे गुणोत्तर येते. फुप्फुसांच्या तीव्र विकारात ते ३०० ते २०० असल्यास सौम्य, २०० ते १०० असल्यास मध्यम आणि १०० वा त्याखाली असल्यास तीव्र अवस्था मानतात. २०१२ साली ही वर्गवारी ठरली, तेव्हा तपासलेल्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण अनुक्रमे २७, ३२ व ४५ टक्के आढळले होते.

दुसरी गोष्ट फुप्फुसांच्या ताठरपणाची. ती फुगविण्यास यंत्रास जितका अधिक दाब लागतो, तितका धोका अधिक, असे २०१५ साली सुमारे साडेतीन हजार रुग्णांच्या माहितीवरून दिसून आले. तिसरी गोष्ट यंत्र काढण्याच्या वेळची. मिनिटातील श्वासांची संख्या भागिले प्रत्येक श्वासातील हवा (लिटरमध्ये) हा आकडा १०५ पेक्षा कमी असल्यास रुग्ण स्वतः श्वास घेऊ शकेल, अशी आशा १९९१ पासून धरली जाते.

मण्यारदंशाच्या रुग्णाची फुप्फुसे बहुधा निरोगी असतात. थकलेले असतात ते स्नायू. विषाचा अंमल उतरेपर्यंत यंत्राने आधार दिला, तर असे अनेक रुग्ण बरे होऊन घरी परततात. तीव्र न्यूमोनियात फुप्फुसेच भरलेली व ताठर असतात. यंत्र तेच, परंतु भवितव्य वेगळे.

आकडा हा निकाल नव्हे

ही मोजमापे समूहाविषयी सांगतात. एका रुग्णाचे भाकीत त्यांवरून छातीठोकपणे करता येत नाही. शिवाय त्यांचा खरा उपयोग उपचार सुधारण्याकडे होतो. २००० साली अमेरिकेत ८६१ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात प्रत्येक श्वासाला यंत्राने दिली जाणारी हवा निम्मी करताच मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले.

माळशिरसहून सोलापूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे. म्हणून दंश होताच मांत्रिकाकडे वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पुढे पाठविताना दंशाची वेळ, मिनिटातील श्वास आणि एका श्वासात मोजलेले अंक चिठ्ठीवर वेळेसह लिहिलेले असावेत. नातेवाईकांनीही ‘वाचेल का?’ एवढेच न विचारता ‘कालच्यापेक्षा आज श्वास कसा आहे?’ असे डॉक्टरांना विचारावे. शिक्षक व पंचायत सदस्यांनी एवढी गोष्ट गावात रुजविली, तरी केवळ गैरसमजापोटी रुग्णास अर्ध्या उपचारातून घरी नेण्याचे प्रसंग टळू शकतील.